कमिशन म्हणजे पगार की बक्षिसी?

सेल्सच्या नोकरीत भांडण लागतं ते बहुतेक कमिशनवरून. टार्गेट पुरं केलं, मग पैसे कुठे आहेत? पण आपल्याकडे त्याच्याही आधीचा एक प्रश्न कोर्टात उभा होता: हा फिरता विक्रेता मुळात कामगार आहे का?

१९६१ साली 'मे अँड बेकर' या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. त्या वेळी औद्योगिक विवाद कायद्यात कामगार म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा. एमआर तर माल खपवायला फिरतो! झालं, कामगार न्यायालयाचं दारच बंद. हाती उरला तो फक्त करार, आणि तो लिहिणार कंपनी.

मग एमआर संघटनांनी संसदेचं दार ठोठावलं. १९७६ मध्ये औषध उद्योगातल्या विक्री कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं. पण त्यातही मेख होतीच. कमिशन सोडून महिना ७५० रुपयांपर्यंत पगार, किंवा कमिशन धरून वर्षाला ९००० पर्यंत कमाई, एवढ्यांनाच संरक्षण. म्हणजे निव्वळ कमिशनवर राबणाऱ्याने जरा जास्त माल खपवला की तो कायद्याबाहेर! ही मर्यादा ६ मे १९८७ पासून गेली. १९९४ मध्ये सॅन्डोझ कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने सांगितलं, की एमआरला संरक्षण आहे ते या खास कायद्यामुळे, कामगाराच्या मूळ व्याख्येमुळे नव्हे.

आमचा मामा एमआर होता, हे घरच्यांना सांगायला नको. ऐन उन्हात बॅग घेऊन तालुके पालथे घातले त्याने. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटी हातात आली आणि तो बघतच राहिला. कमाईचा मोठा भाग कमिशनचा, आणि हिशेब मात्र मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर. कंपनीने फसवलं असं तो कायम म्हणायचा. पण १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातच वेतनातून कमिशन वगळलेलं होतं.

गंमत पुढेच आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने विक्रीचं कमिशन वेतनात धरलं गेलं. म्हणजे मामाची कामगारकपात झाली असती तर भरपाई कमिशन धरून मिळाली असती. इमानाने निवृत्त झाला, म्हणून कमिशन वजा!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे इतिहासजमा झाले. विक्री कर्मचारी आता कामगाराच्या व्याख्येतच आहे, आणि नेमणूकपत्र सगळ्यांनाच सक्तीचं. वेतनाची व्याख्याही सगळीकडे एकच. पण एकी झाली ती कमिशन वगळून! फक्त कमिशन, भत्ते वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा. मामासारख्यांच्या पदरात निदान तेवढं तरी पडेल.

मला मात्र वाटतं, की आधी दर ठरवून, पायपीट करून मिळवलेला पैसा बक्षिसी कसा असेल? तो मजुरीच आहे.

असो. घरातलं कुणी सेल्समध्ये जात असेल तर एवढं बघा. कमिशनचा दर काय, ते ऑर्डर आल्यावर मिळणार की वसुली झाल्यावर, आणि नोकरी सोडली तर राहिलेल्याचं काय? ही तीन उत्तरं नेमणूकपत्रात लेखी हवीत. साहेबाच्या शब्दावर मामाच्या पिढीने पुष्कळ विसंबून पाहिलंय.