वेग आवरण्याची विद्या : पहिली जेट लढाऊ विमाने आणि त्यांचे उतरणे

विमानविद्येच्या इतिहासात वेगाचे विक्रम मोठ्या आस्थेने नोंदलेले आढळतात. कोणते विमान केव्हा आणि किती वेगाने उडाले, हे शाळकरी मुलगाही सांगू शकतो. परंतु तोच वेग आवरून ते विमान सुखरूप जमिनीवर कसे आणले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक जेटयुगाच्या आरंभीच्या वर्षांत वैमानिकाला वेग मिळवण्यापेक्षा तो टाकणेच अधिक जड गेले. ही अडचण कशातून उद्भवली, तिच्यावर कोणते उपाय निघाले, आणि उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारा सिम्युलेटर आज तिच्याविषयी आपल्याला काय शिकवतो, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम कारण पाहू. पंख्याच्या विमानात थ्रॉटल मागे घेतला की पुढचा फिरता पंखाच हवेला अडवणाऱ्या थाळीसारखा होतो आणि विमान चटकन मंदावते. उलट वेग कमी पडला, तर थ्रॉटल पुढे ढकलताच पंखा तत्काळ ओढ देतो. यामुळे उतरतानाची चूक अगदी शेवटच्या घटकेलाही सावरता येत असे. जेट विमानात या दोन्ही सोयी नाहीशा झाल्या. पुढे पंखा नाही, अंग गुळगुळीत, आणि इंजिन अगदी मंद केले तरी त्याचा थोडा रेटा चालूच. शिवाय त्या काळचे मंदावलेले टर्बाईन इंजिन पुन्हा पुरत्या फेऱ्यांवर येण्यास कित्येक सेकंद घेई. धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर जोर मागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच होते.

जर्मनीचे मेसरश्मिट २६२ हे याचे ठळक उदाहरण होय. १८ जुलै १९४२ रोजी लाइपहाइम येथे फ्रिट्झ वेंडेल याने ते प्रथमच केवळ जेट इंजिनांवर उडवले. ताशी सुमारे ८७० किलोमीटर वेगाचे हे विमान आकाशात शत्रूच्या हाती सहसा लागत नसे. परंतु त्याला हवेतला वेग मोडणारे ब्रेक नव्हते. त्याची युमो ००४ इंजिनेही नाजूक होती. निकेल-क्रोमियमसारख्या धातूंच्या टंचाईमुळे ती दुय्यम पोलादाची करावी लागली, आणि त्यांचे आयुष्य अवघे दहा ते पंचवीस तासांचे असे. थ्रॉटल घाईने हलवला तर इंजिन विझे किंवा पेट घेई. कमाल फेऱ्या मिनिटाला ८७००. त्या सहा हजारांखाली गेल्या की धोका विशेष. म्हणून वैमानिकाला दुरूनच वेग उतरवीत, सरळ आणि लांब वाटेने मैदानाकडे यावे लागे.

शत्रूने हे मर्म अचूक हेरले. जे विमान आकाशात सापडत नाही ते उतरताना गाठावे, अशी नीती अमेरिकन वैमानिकांनी धरली. पुढे ध्वनीचा वेग ओलांडून प्रसिद्धीस आलेल्या चक येगर याने ६ नोव्हेंबर १९४४ रोजी एक मेसरश्मिट २६२ पाडले, ते तळावर उतरू पाहत असतानाच. आखमर आणि हेसेपे या तळांवर उतरणाऱ्या जेट विमानांच्या रक्षणासाठी जर्मनांना पंख्याची फोकेवुल्फ विमाने ठेवावी लागली. इतक्या वेगवान लढाऊ विमानाला घरी परतताना हळू चालणारा पहारेकरी लागावा, यात त्या यंत्राचे सारे दुबळेपण उघड होते.

ब्रिटनच्या ग्लॉस्टर मिटिऑरला हवाई ब्रेक होते. तथापि औषधाचेही पथ्य असते. ब्रेक उघडे ठेवून चाके खाली सोडली, तर मंद वेगात विमान एका बाजूला ओढले जाऊन नाक खाली करून कोसळे. दोन आसनी शिकाऊ मिटिऑर यासाठी कुप्रसिद्ध होते. आधी ब्रेक मिटावे, मग चाके सोडावी, एवढाच तो नियम. पण तो विसरणाऱ्याला दुसरी संधी क्वचितच मिळाली. ब्रिटिश हवाई दलाने सेवाकाळात सुमारे ८९० मिटिऑर गमावली आणि सुमारे ४५० वैमानिक त्यांत मृत्यू पावले. या अपघातांची कारणे अनेक होती. परंतु शांततेच्या काळात शिकता शिकता किती माणसे गेली, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

यातून हळूहळू एक तत्त्व हाती आले : वेग सोडावा, पण इंजिन झोपू देऊ नये. वरवर पाहता हे परस्परविरुद्ध वाटेल. त्याची उकल अशी की इंजिन चढते ठेवावे आणि विमानाला बाहेरून अडथळा करावा. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन यांनी ‘ओशन’ या विमानवाहू नौकेवर व्हॅम्पायर उतरवले. जेट विमान नौकेवर उतरल्याचा तो पहिला प्रसंग. त्या विमानाचे फ्लॅप मुद्दाम मोठे केलेले होते. पुढे अमेरिकेच्या बी-४७ या बाँबफेकी विमानाने तर उतरण्यापूर्वी आकाशातच एक छोटी हवाई छत्री मागे सोडण्याची पद्धत घेतली. छत्री मागे ओढते, म्हणून इंजिन चढते ठेवता येते. आणि उतरणे फसले तर जोर हाताशीच असतो.

आपल्या देशाचा संबंधही येथेच येतो. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ ही नौका भारतीय नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम तहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले, त्यांनी तिच्यावर पहिले जेट विमान उतरवले. विक्रांतला तिरकी धावपट्टी होती. ही कल्पना ब्रिटिश अधिकारी डेनिस कॅम्बेल यांची, १९५१ सालची. पट्टी तिरकी, म्हणून पुढे उभी विमाने आड येत नाहीत; वैमानिक डेकला टेकताच थ्रॉटल पुढे करतो, आणि अडवणारी तार हुकली तर सरळ पुन्हा उडतो. थांबण्याच्या क्षणीच निघण्याची तयारी, असे हे शास्त्र आहे. त्या पिढीचे सी हॉक विमान गोव्यात वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात पाहायला मिळते.

आता सिम्युलेटरकडे वळू. त्याला पोरखेळ समजणारांनी त्याचा जन्म पाहावा. बाजाच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक या अमेरिकनाने १९२९ मध्ये बाजाच्याच भात्यांवर डोलणारे शिकाऊ विमान तयार केले. प्रथम ते जत्रेतल्या करमणुकीपुरतेच राहिले. १९३४ साली टपाल वाहताना खराब हवेत लष्करी वैमानिक मरू लागले, तेव्हा अमेरिकन लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. म्हणजे सिम्युलेटरला मान मिळाला तो मृत्यूंनंतर. भात्यांची जागा पुढे विद्युत्-गणकांनी घेतली, आणि आता तेच काम घरातला संगणक करतो.

त्यावर मेसरश्मिट २६२ उतरवू पाहणारा नवशिका बहुधा जुनीच चूक करतो. मैदान दिसेपर्यंत भरधाव येतो, मग थ्रॉटल एकदम मागे ओढतो. विमान मंदावत नाही, पट्टी पायाखालून निघून जाते. दुसऱ्या खेपेस तो फारच लवकर मंदावतो, खाली बसू लागतो, घाबरून थ्रॉटल पुढे रेटतो, आणि इंजिन पेटते. तिसऱ्या-चौथ्या खेपेस त्याला उमगते : उंची न सोडता दूरवरच थ्रॉटल थोडा थोडा आणावा, घट्ट वळण घेऊन वेग खर्चावा, मग चाके, मग फ्लॅप, शेवटच्या वाटेवर ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर राखावे आणि इंजिन सहा हजार फेऱ्यांखाली जाऊ देऊ नये.

या नकलेला मर्यादा आहेत. खुर्चीत बसलेल्याला वळणाचा भार जाणवत नाही, आणि मरणाचे भय तर मुळीच नाही. तेव्हा घरी विमान उतरवणाऱ्याने स्वतःस वैमानिक मानू नये. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या साधनाचा एक मोठा उपयोग आहे. ‘वैमानिकाची चूक’ असे दोन शब्द अपघाताच्या अहवालात वाचून आपण पान उलटतो. तीच चूक स्वतःच्या हाताने चार वेळा घडली, म्हणजे कळते की ती बेफिकिरी नव्हती. पंख्याच्या विमानावर मुरलेला हात नव्या यंत्राजवळ जुनीच अपेक्षा धरीत होता, आणि यंत्र ती पुरी करीत नव्हते. आज ज्या क्रमाने विमान उतरवायला शिकवतात, त्यातील प्रत्येक पायरी त्या माणसांनी मोल देऊन बांधलेली आहे. त्यांना दोष देण्यापूर्वी निदान एकदा त्यांच्या जागी बसून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.