बहात्तरचा तरोटा

आमच्या आजीने तरोटा शेवटपर्यंत ताटात येऊ दिला नाही. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी पहिल्या पावसानंतर तो उकिरड्याकडेला, शाळेच्या कुंपणाला दाट उगवे. आईने एकदा हौसेने कोवळी पाने खुडून आणली, तर आजी म्हणाली, "बहात्तरला खाल्ला तेवढा लई झाला. आता पुन्हा दावू नको."

1972 साली जेमतेम चार सरी पडल्या. त्यावर ज्वारी पोसली नाही, तरोटा मात्र तगला. बाया तो उकडून, पिळून, नुसत्या मिठाशी खात; फोडणीला तेल कुठले! मग रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामांवर खायला सुकडी मिळू लागली. मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्यांत पाझर तलावावर माती वाहणारी आमची आजीही होती. घरात दाणे आल्यावर तिने सर्वांत आधी तरोटा सोडला. हाच तरोटा कोकणात टाकळा म्हणून आवडीने खातात, मुंबईच्या बाजारात पावसाळ्यात त्याच्या जुड्या विकायला असतात. तेव्हा दोष चवीचा नव्हे.

बाकीच्या भाज्या मात्र कुणी रुसून सोडल्या नाहीत. कुंजर, घोळ, पाथरी, तांदुळजा, केना यांच्यासाठी मुद्दाम कुणी रानात जात नसे. ज्वारी-बाजरीत खुरपणीची पात धरलेल्या बाया तण काढता काढता खायचे तेवढे ओटीत टाकत. पाथरी तर तिथेच भाकरी-ठेच्याशी कच्ची संपायची. सुनांना, पोरींना पाने ओळखायला शिकवणारी शाळा म्हणजे ही पात. पुढे आमच्याकडे कपाशी आणि मका वाढला, मजुरी परवडेना, पाठीवर तणनाशकाचा पंप आला. खुरपे सुटले आणि ओळखही सुटली. बाईची कंबर वाचली हे मला मान्यच आहे. उन्हातल्या खुरपणीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पात पुरी करून दाखवावी.

टिकल्या त्या देवाच्या किंवा पैशाच्या आधाराने. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे चालत नाही. त्या दोन दिवसांपुरती शहरातली सूनबाईसुद्धा भाजीमंडईत विचारपूस करते. डोंगरातली करटुली तर एवढी महाग झाली आहे, की आणणाऱ्याच्या घरी ती क्वचितच शिजते.

अलीकडे 9 ऑगस्टच्या आसपास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. पाककृतींच्या स्पर्धा होतात, फोटो निघतात. चांगलेच आहे. पण कुंजर उगवायला जागाच उरली नाही, तर पाककृती घेऊन करायचे काय? बक्षीस द्यायचेच असेल, तर बांधावर तणनाशक न मारणाऱ्या शेतकऱ्यालाही एक द्या. आणि शेत असणाऱ्यांनो, फवारा, पण निदान बांध तेवढा सोडून फवारा.