झिरो माईलचा दगड आणि 38 मायक्रोसेकंद

आपल्याला नागपूरकरांना झिरो माईलच्या दगडाचा फार अभिमान. असायलाच पाहिजे. पण मला विचाराल तर आपल्या शहराचा खरा इतिहास अंतराचा नाही, घड्याळाचा आहे.

जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून विमानं निघायची आणि मध्यरात्री सोनेगावला भेटायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की ज्याची त्याची वाट. एकाला उशीर झाला की बाकीचे खोळंबणार. पण तेव्हा मिनिटं सांभाळली की भागायचं.

आता भागत नाही. प्रकाश सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर जातो. उपग्रहाचा संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून जीपीएस अंतर काढतं. म्हणजे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं की अंतर 300 मीटरनं चुकलं!

इथे आइनस्टाईन येतो. वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून 45 पुढे जातं. वजाबाकी करा, 38 पुढे. अंतरात दिवसाला 11 किलोमीटरची चूक. आमच्या नंदनवनातल्या विमानवेड्या मंडळींच्या भाषेत, "धावपट्टी सोनेगावला, अन् विमान आपल्या गच्चीवर!" (सगळे उपग्रह सारखेच चुकले तर बरीचशी चूक आपोआप वजा होते, हे खरं. पण विनोद चांगला आहे, राहू द्या.)

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही. 1971 मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी अणुघड्याळं चक्क प्रवासी विमानांतून जगभर फिरवली. घड्याळांसाठी वेगळी तिकिटं काढली, प्रवाशाचं नाव 'मिस्टर क्लॉक'! पूर्वेकडे गेलेली घड्याळं मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली पुढे गेली. तरी 1977 मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या तयारीचा उपग्रह सोडला, तेव्हा काही इंजिनिअरांना शंका होतीच. म्हणून सापेक्षतेची दुरुस्ती बंद ठेवून उपग्रह वर पाठवला. सुमारे 20 दिवस पाहिलं, घड्याळ आइनस्टाईनच्या हिशोबानंच पळत होतं. मग दुरुस्ती सुरू केली.

आज विमानांसाठी जीपीएसमधल्या चुका दुरुस्त करणारी 'गगन' ही आपली यंत्रणा आहे. तिच्या देशभरातल्या 15 संदर्भ केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. म्हणजे 1949 ची थैली गेली, पण काम तेच: वेळ जुळवणं.

आता मुद्द्याचं बोलू. 'गगन' आपली, पण ती ज्या जीपीएसवर उभी आहे ते अमेरिकेचं. आपली स्वतःची 'नाविक' उभारली, तर तिच्या पहिल्या उपग्रहावरची परदेशातून आणलेली तिन्ही घड्याळं 2016 मध्ये बंद पडली. स्वदेशी रुबिडियम घड्याळ वर गेलं ते मे 2023 मध्ये. जानेवारी 2025 चा पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही.

"थिअरीवर पैसा कशाला घालवायचा?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगा. आइनस्टाईननं 1905 आणि 1915 मध्ये हे मांडलं, तेव्हा त्याचा कोणाला काडीचा उपयोग दिसत नव्हता. आणि ज्या देशाला स्वतःचं घड्याळ बनवता येत नाही, त्याला आपलं विमान कुठे आहे हेही दुसऱ्याला विचारावं लागतं.