पाठीवरची चिमूट

शिरूर तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात मधुमेहाचं निदान ऐकलं की पेशंट हमखास विचारतो, "मॅडम, मी कुठं जाडा आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात शोधलं गेलं, आणि तो इतिहास मला कॉलेजात कुणी शिकवला नाही याची खंत वाटते.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून पुण्याच्या केईएम रुग्णालयात परतले, तेव्हा त्यांच्यापुढेही असेच पेशंट बसत. विलायती पुस्तकातल्या मधुमेह्यापेक्षा वयानं लहान, अंगानं बारीक. तिकडे साउदम्प्टनला डेव्हिड बार्कर हृदयविकाराचं मूळ आईच्या पोटात शोधत होते. हर्टफर्डशरमध्ये सुईणी आणि आरोग्यसेविकांनी 1911 पासून बाळांची वजनं वह्यांत लिहून ठेवली होती. पहिल्या वर्षाअखेर ज्यांचं वजन कमी भरलं, ते पुरुष पुढे हृदयविकारानं जास्त दगावले, हे बार्कर यांनी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं.

जन्माच्या नोंदी केईएमकडेही होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे आणि साउदम्प्टनचा धागा जुळला. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी ग्लुकोज पाजून रक्त तपासलं. जन्मवजन कमी, त्यांची अर्ध्या तासानंतरची साखर जास्त.

पण जुनी वही चाळणं वेगळं आणि दिवस जाण्याआधीपासून बाईच्या सोबत राहणं वेगळं. ते काम 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालं. पैसा वेलकम ट्रस्टचा, साउदम्प्टनहून कॅरोलिन फॉल यांची साथ. गावातली कार्यकर्ती दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेई. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या की सोनोग्राफी. नव्या सुनेला हे विचारणं आणि तिनं विश्वासानं सांगणं, माझ्या लेखी या संशोधनाचा पाया हाच. शोधनिबंधावर या बायकांची नावं नसतात. असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

बाळ जन्मलं की 72 तासांच्या आत मोजमाप. वजन, लांबी, डोकं, पोट, दंड. मग कॅलिपरच्या चिमटीत दंडामागची आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी. चिमूट जाड, तर खाली चरबी जास्त. वजन सरासरी 2.7 किलो, साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. पोटाचा घेर फारच कमी, दंडही बारीक. पाठीवरची चिमूट मात्र तेवढी कमी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव खुरटले होते, चरबी बऱ्याच अंशी टिकली होती. बाळ बारीक, तरी चरबीदार. हे 2003 मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो दिला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पेशंटच्या प्रश्नाला मी याहून सोपं उत्तर देऊ शकत नाही.

पण या अभ्यासानं सर्वांत मोठा धक्का दिला तो रक्ताच्या तपासणीतून. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं, फोलेटची, म्हणजे फोलिक आम्लाची, कमतरता मात्र एकीतच. ज्यांचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. आपण गरोदर बाईला लोह-फोलिकच्या गोळ्या देऊन निश्चिंत होतो, बी-12 विचारतही नाही. दूध-दही बेताचं आणि मटण सणासुदीला, अशा घरांत तरी ते विचारायलाच हवं.

2012 पासून त्याच मुलामुलींना, आता वयात आलेल्या, बी-12 च्या गोळ्या देऊन पाहणं सुरू झालं. दिवस राहिल्यावर गोळी देण्यात उशीर होतो, म्हणून लग्नाआधीच. पुढे त्यांना मुलं झाली, तेव्हा त्या बाळांचीही मोजमापं घेतली गेली.