न वाचता येणारी लिपी : चित्रातील अक्षर आणि वाचक

चित्र पाहायचे आणि संहिता वाचायची, हा भेद आपण इतका गृहीत धरतो की चित्रात अक्षर आले म्हणजे ते चित्राचे स्पष्टीकरणच असणार, असे वाटते. रने मॅग्रिटच्या ‘प्रतिमांचा विश्वासघात’ (१९२९) या चित्राने ही समजूत मोडली. त्यात रंगविलेल्या पाइपखालचे वाक्य तो पाइप असल्याचेच नाकारते. मात्र हा नकार कळण्यासाठीही ते वाक्य वाचता यावे लागते. मिशेल फुको यांनी या चित्राची केलेली मीमांसाही त्याच्या वाचनक्षमतेवर उभी आहे.

भारतीय चित्रकलेत हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. मद्रासच्या शासकीय कलाविद्यालयाचे प्राचार्य आणि चोळमंडल कलाग्रामाचे (१९६६) संस्थापक के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३च्या सुमारास ‘शब्द आणि चिन्हे’ ही मालिका आरंभिली. कुंडलीची आठवण देणारे चौकोन, गणिती खुणा आणि मल्याळमसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या दाट ओळी तीत आढळतात. त्या ओळींतून अर्थ मात्र निष्पन्न होत नाही.

येथे लिपीचे केवळ आकारात रूपांतर झाले, असे म्हणून थांबता येणार नाही. मल्याळम न जाणणारा प्रेक्षक अर्थ न लागण्याचे कारण स्वतःच्या अज्ञानात शोधतो; ओळींमागे अर्थ आहे, ही त्याची श्रद्धा अभंग राहते. मल्याळम जाणणाऱ्याची तीच श्रद्धा ढळते. स्वतःच्याच लिपीपुढे तो निरक्षर होतो. चित्र एकच, परंतु एकाच्या वाट्याला अपरिचय येतो, दुसऱ्याच्या वाट्याला वियोग.

पुढे अतुल दोडिया यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘अँटलर अँथॉलॉजी’ या चित्रमालिकेत गुजराती कविता गुजराती लिपीतच लिहिल्या. येथे संहिता खरोखरच वाचावयाची आहे. गुजराती न शिकलेला मराठी वाचक नागरीशी असलेल्या साम्यामुळे काही अक्षरे जुळवतो, एखादा शब्द ओळखतो आणि अर्थाच्या उंबरठ्यावर अडतो. पाहणे आणि वाचणे यांच्या मधली ही तिसरी अवस्था होय.

वाचककेंद्री समीक्षेने ‘वाचक’ ही संकल्पना बहुधा एकवचनी आणि लिपीनिरपेक्ष मानली. बहुलिपी समाजात असा वाचक संभवत नाही. चित्रातील अक्षराचा विचार करताना त्याचा अर्थ काय, या प्रश्नाआधी ते कोणासमोर उभे आहे, हे विचारावयास हवे. ते न विचारता केलेला अर्थनिर्णय एका लिपीच्या वाचकाचा अनुभव सर्वांवर लादतो.