पॅरिसचा वेढा आणि मधुमेहाचें पथ्य

सन १८७० च्या सप्टेंबर महिन्यांत जर्मन फौजांनीं पॅरिस शहरास वेढा घातला, तो पुढील वर्षाच्या जानेवारीअखेर कायम होता. ह्या सव्वाचार महिन्यांतील हालअपेष्टांचीं वर्णनें इतिहासप्रेमी वाचकांच्या परिचयाचीं आहेत. लोक घोड्याच्या मांसावर दिवस काढूं लागले, प्राणिसंग्रहालयांतील हत्तीही मारले गेले, आणि शेवटीं शेवटीं पावाचा शिधा माणशीं दररोज ३०० ग्रॅमवर आला. परंतु ह्याच उपासमारींत एका रोगाच्या माणसांस गुण येत होता, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं.

पॅरिसच्या वैद्यकशाळेंत आरोग्यशास्त्राचे अध्यापक असलेले आपोलिनेर बूशार्दा ह्यांचा मधुमेहाचा व्यासंग मोठा होता. वेढ्याच्या काळांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या मधुमेह्यांच्या मूत्रांत एरव्हीं साखर सांपडत असे, त्यांची साखर कमी होत आहे किंवा नाहींशीच होत आहे. हे रोगी आपण होऊन पथ्यावर आले नव्हते. शहरांत खावयासच नव्हतें. ह्या रोग्यानें पिष्टमय व गोड पदार्थ टाळावे, शक्य तितकें कमी खावें, अंगमेहनत करावी, आणि आपल्या मूत्राची परीक्षा आपणच दररोज करावी, असा बूशार्दांचा उपदेश असे. वेढ्यानें त्या उपदेशास एका शहराएवढी साक्ष मिळवून दिली.

आमच्याकडील वाचकांस ह्यांत फारसें नवल वाटणार नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्यानें होणारा. पहिल्याचा रोगी कृश. दुसऱ्याचा स्थूल, बहुत खाणारा व अंथरुणास चिकटलेला. निर्धन रोग्यानें जोडा व छत्री टाकून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें चालावें, किंवा विहीर खणावी, असेही उपाय तेथें दिले आहेत. मात्र कृश रोग्यास जपावें, हेंही सांगावयास ग्रंथकार विसरलेला नाहीं. औषधाच्या पलीकडे जाऊन रोग्याची सारी राहणीच पालटावयाची, ही दृष्टि पॅरिसच्या अध्यापकाची आणि आमच्या प्राचीन वैद्याची एकच.

ह्या दृष्टीबरोबर एक दुसरी गोष्टही घरोघर शिरली. अपथ्य हा शब्द अपराधाच्या अर्थानें वापरला जाऊं लागला. साखर वाढली कीं रोगी चुकला, असा निवाडा घरांतलीं माणसें तत्काळ देतात. माझे वडील बंधु ह्या रोगानें पंधरा वर्षें आजारी होते. दर तीन महिन्यांनीं त्यांच्या रक्ताचा अहवाल येई, तो मी अध्यापकी सवयीनें उत्तरपत्रिकेसारखा तपाशीत असें, आणि आंकडा चढलेला दिसला कीं, "दादा, पुन्हां गोड खाल्लें ना?" असें विचारीत असें. एकदां मात्र ते म्हणाले, "अरे, तुम्ही सारे श्रीखंडपुरी खात होतां, तेव्हां मी ताकभाकरी खाऊन उठलों. तें कोणत्या अहवालांत लिहिलें आहे?" मजजवळ उत्तर नव्हतें.

तें उत्तर ह्या रोगाच्या पुढील इतिहासांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार ह्यांनीं यकृत स्वतःच साखर तयार करतें हें दाखविलें. तेव्हां पोटांत कांहीं न जातांही रक्तांतील साखर कां वाढते, ह्याचा उलगडा होऊं लागला. सन १९२१-२२ मध्यें टोरांटो येथें इन्शुलिन हातीं आलें, आणि आतां सारें सुटलें असें वाटलें. परंतु सन १९३६ मध्यें लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ ह्यांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक रोग्यांचें शरीर इन्शुलिनास पुरेशी दादच देत नाहीं. पुढें सन १९७७ मध्यें ब्रिटनमध्यें सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासांत पांच हजारांवर नवे रोगी वर्षानुवर्षें पाहण्यांत आले. साखर आटोक्यांत ठेविली असतां डोळे व मूत्रपिंडें ह्यांचें रक्षण होतें, असें सन १९९८ मध्यें त्यांतून सिद्ध झालें. पण त्याच अभ्यासांत हेंही दिसलें कीं, उपाय कोणताही असो, प्रथम उतरलेली साखर वर्षागणिक पुन्हां चढत जाते. कारण इन्शुलिन निर्माण करण्याची स्वादुपिंडाची शक्तीच क्षीण होत असते. आमच्या पुण्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं तर हा शोध जन्माच्या क्षणापर्यंत मागें नेला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात मूल सरासरीनें सुमारें २.७ किलो, इंग्लंडमधील सुमारें ३.५ किलो, परंतु वजन एवढें कमी असूनही आमच्या मुलाच्या अंगांतील चरबी त्या मानानें कमी नसते. रोगाचीं कांहीं बीजें अशीं मातेच्या उदरांतच पडत असतील, तर त्यांबद्दल कोणास बोल लावावयाचा?

म्हणून पथ्य व्यर्थ आहे असें मुळींच नव्हे. औषध, आहार, श्रम, झोंप, मनाची स्वस्थता, रोगाचें वय आणि जन्माचा वारसा, इतक्यांच्या ओढाताणींतून तो एक आंकडा निघतो. त्यांतलें आपल्या हातीं जें आहे तें केलेंच पाहिजे. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या रोग्यास उपाशी ठेवणें तर धोक्याचें, तेव्हां वेढ्याचें अनुकरण कोणी करूं नये. परंतु त्यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, पॅरिसच्या त्या रोग्यांस पंक्तींत एकट्यानें मन मारावें लागलें नाहीं. साऱ्या शहराचेंच ताट बदललें होतें.

दादा जाऊन सहा वर्षें झालीं. गेल्या वर्षीं माझ्याही रक्तांत साखर निघाली. आतां आमच्या घरीं सर्वांचें ताट एक असतें, आणि संध्याकाळीं चिरंजीव मजबरोबर टेकडीपर्यंत चालावयास येतो. आंकडा कधीं उतरतो, कधीं चढतो. चढला तरी मला कोणी जाब विचारीत नाहीं. हें सारें दादांसाठीं करतां आलें असतें, ही रुखरुख मात्र त्या टेकडीच्या वाटेवर रोज माझ्याबरोबर असते.