पेशीपटलातील प्रथिने आणि प्रक्षालके : एक ऐतिहासिक टिपण

पेशीपटलात रुतलेली प्रथिने पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून त्यांच्या अभ्यासाचा आरंभ प्रक्षालकांपासून झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुरते पाहिले, तर या अभ्यासातील निर्णायक पावले प्रक्षालक टाळल्यामुळे अथवा ते वेळीच दूर केल्यामुळे पडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

1876 मध्ये फ्रान्ट्स बोल यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा लालसर रंग प्रकाशात फिका पडतो, हे दाखविले. हायडेलबर्ग येथील विली क्यूने यांनी लगोलग तो प्रश्न हाती घेतला आणि पित्तलवणांच्या साहाय्याने ते रंगद्रव्य (आजचे ऱ्होडॉप्सिन) विद्रावात उतरविले. पित्त हे निसर्गाने घडविलेले प्रक्षालकच होय. आतड्यातील त्याचे काम क्यूने यांनी काचपात्रात करवून घेतले. पुढे त्या कामी डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारे डिजिटोनिन रूढ झाले.

जवळजवळ शंभर वर्षांनी केंब्रिज येथे हेंडरसन आणि अन्विन यांनी ऱ्होडॉप्सिनशी साम्य असलेले दुसरे एक जांभळे प्रथिन निवडले. मिठागरांत वाढणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाच्या पटलात ते मुळातच स्फटिकासारखे सुबक रचलेले असते. त्यामुळे ते विरघळविण्याची गरजच उरली नाही. पटल अखंड ठेवून, पाण्याच्या जागी ग्लुकोज योजून त्यांनी 1975 मध्ये 7 अँगस्ट्रॉम विभेदनाचा त्रिमितीय नकाशा सिद्ध केला व त्यात पटल भेदून जाणारी सात सर्पिले दिसली. मात्र अशी कृपा निसर्ग क्वचितच करतो.

इतर प्रथिनांस प्रक्षालकावाचून गत्यंतर नव्हते. त्याचे रेणू प्रथिनाच्या जलविरोधी भागाभोवती कडे करतात. परंतु विद्रावातील प्रमाण एका मर्यादेखाली गेले की ते कडे सुटते आणि प्रथिने एकमेकांस चिकटतात. डोडेसिल माल्टोसाइडची ही मर्यादा सुमारे 0.17 मिलिमोलर आहे. म्हणून प्रक्षालक नेहमी जादा ठेवावे लागते, आणि अडचण येथेच सुरू होते. 1980 नंतरच्या दशकात दुबोशे व त्यांचे सहकारी यांनी (तेही हायडेलबर्गलाच!) नमुना काचसदृश बर्फात गोठविण्याची पद्धत बसविली. त्या पातळ थरात जादा प्रक्षालकाचे रिकामे पुंज प्रतिमेची पार्श्वभूमी गढूळ करतात. शिवाय पृष्ठताण घटल्याने थराची जाडी हवी तशी राखणे कठीण जाते.

यावर तोडगा निराळ्याच दिशेने आला. 1996 मध्ये पोपो, त्रिबे व ओदबेर यांनी ॲम्फिपॉल हे बहुवारिक मांडले. ते प्रथिनास इतके घट्ट धरते की विद्रावात जादा साठा ठेवावा लागत नाही. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ज्युलियस व चेंग यांच्या गटांनी टीआरपीव्ही-1 ही आयनवाहिनी प्रथम डोडेसिल माल्टोसाइडने पटलातून सोडविली, मग ॲम्फिपॉलमध्ये आणली, आणि स्फटिकाशिवाय 3.4 अँगस्ट्रॉम विभेदन गाठले. 2016 मध्ये त्याच गटांनी हीच वाहिनी प्रथिनाच्या पट्ट्याने बांधलेल्या लिपिडांच्या चकतीत, म्हणजे नॅनोडिस्कमध्ये, बसविली. तेव्हा प्रथिनालगतची लिपिडे स्वतंत्रपणे दिसली. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या खाचेत बसते, तेथे एरवी फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल वर्गातील लिपिड ठाण मांडून असते, असे त्यावरून त्यांनी दाखविले.